अंगाईची नाडी

६ जानेवारी

प्रिय धाकटे साडूबुवा,

तुमचं नव्या वर्षाचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. फोन करणार होतो, पण आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांचं बोलून होईपर्यंत फोन तव्यासारखा तापतो आणि आपल्याला झोप येते. तेव्हा लग्नापासूनची ही पत्रांची सवयच बरी.

उशीर झाला याचं कारण, मध्यंतरी मी एका ठिकाणी तपासणीला गेलो होतो. विशेष काही नाही. वयाला साजेशी तपासणी. जागा हवेशीर होती, नर्स हसतमुख होत्या, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसायचा. चार दिवस मुक्काम करून परतलो. सगळं ठणठणीत आहे म्हणाले.

तुमच्या वृंदगायनाच्या तालमी कशा चालल्या आहेत? अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरच बसता ना अजून? आणि खालच्या पट्टीत गाणारे सगळे बंबवाले अजून घंटा वाजली की कडवं अर्धवट टाकून जिन्यावरून धावतात का? यंदाच्या कार्यक्रमाचं एखादं रेकॉर्डिंग पाठवा. रेडिओतून निवृत्त झाल्यापासून मला बोलायला माईक नाही आणि ऐकायला काही धड नाही.

थोरली बरी आहे. धाकटीला आशीर्वाद.

तुमचा,
थोरला साडू


१४ जानेवारी

आदरणीय थोरले साडूबुवा,

तपासणी म्हणे. अहो, तुम्ही पाकिटाला डिंक लावत होतात तेव्हा ताईंचं आमच्या धाकटीला सगळं सांगून झालं होतं. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, शर्ट घामाने भिजला, आणि तुम्ही पाचक चूर्णाचे दोन चमचे खाऊन आरामखुर्चीत बसून बातम्या सांगायच्या आवाजात जाहीर केलंत की हे निव्वळ पित्त आहे. ताईंनी वाद घातला नाही. चप्पल घालता घालता रुग्णवाहिका बोलावली. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय, नाहीतर ताईंना सांत्वनाचं लिहावं लागलं असतं.

इतकं मोठं आजारपण आणि तुम्ही मला सायकलींचा स्टँड सांगता?

आमच्याकडे म्हणाल तर कार्यक्रम वीस एप्रिलला आहे. बंबवाले तसेच आहेत. परवा ‘पहाट झाली’ या ओळीवर घंटा वाजली आणि पहाट एकट्या बायकांनीच केली. पण यंदा मला वेगळीच काळजी आहे. सगळ्या वृंदाला घाई झाली आहे. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. लय धरायला मी यंत्र वापरत नाही. गाणं सुरू करण्याआधी डोळे मिटतो, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवतो, नाडी ऐकतो आणि तिच्यावरून लय देतो. माझ्या मास्तरांनी हेच शिकवलं आणि इतकी वर्षं ते कधी चुकलं नाही. आणि आता ही माणसं माझ्या हाताच्या पुढे पळतात. पुढच्या रांगेतल्या बेकरीवाल्या बाई तर माझा हात खाली यायच्या आत ओळ संपवून पाणी पिऊन घेतात.

बाकी ठीक. गेल्या गुरुवारी तालमीत मी जरा खाली बसलो, एवढंच. वरच्या पट्टीत गाणारे आमचे दातांचे डॉक्टर उगाच ओरडले.

पित्ताला सांभाळा.

आपला,
धाकटा साडू


२३ जानेवारी

प्रिय साडूबुवा,

पकडला गेलो. तुमच्याशी खोटं बोलायचं तर आधी दोन बहिणींचं भांडण लावायला हवं, आणि ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

आता खरं सांगतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या वाहिन्या असतात. त्यातली माझी एक अचानक गुठळी होऊन बंद पडली. त्यालाच झटका म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू मरतो, त्यामुळे चौकशा नंतर, आधी रस्ता मोकळा. मनगटातून एक बारीक नळी सरकवत थेट हृदयापर्यंत नेली. मी पूर्ण जागा होतो. समोरच्या पडद्यावर माझीच वाहिनी दिसत होती आणि मला राहवेना, मी धावतं वर्णन सुरू केलं. डॉक्टरांनी मान न वळवता सांगितलं, “आजोबा, प्रक्षेपण बंद करा.” मग चिमुकला फुगा फुगवून अडलेली जागा उघडली आणि ती परत मिटू नये म्हणून तिथे जाळीची नळकांडी बसवली. तोच स्टेंट. पेनातल्या स्प्रिंगहूनही बारीक असेल. छातीवरचा पाटा तिथल्या तिथे उतरला. साडूबुवा, त्या टेबलावर मला गावंसं वाटलं, आणि मला गाता येत नाही हे तुम्ही जाणता.

रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या आता रोज, न चुकता. चुकली तर नळकांड्यातच गुठळी धरू शकते. थोरली गोळ्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. शाळेत मुख्याध्यापिका होती, ते जात नाही.

आता तुमचं. “जरा खाली बसलो.” धाकटीने सांगितलं, की तुम्ही सरळ पेटीवर तोंडावर पडलात, पेटीतून असा सूर निघाला की दातांचे डॉक्टर किंचाळले, आणि बंबवाल्यांनी तुम्हाला उताणं करून पाय खुर्चीवर चढवले. ही खूण मी ओळखतो. तुमचीही वाहिनी तुंबली आहे. उद्याच जा आणि स्टेंट घालून घ्या. मी आता भेटेल त्याला हेच सांगतो. न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. पोस्टमन हल्ली पत्र दाराखालून सरकवून जातो.

तुमचा,
स्टेंटधारी साडू


९ फेब्रुवारी

आदरणीय स्टेंटधारी,

तुमच्या आज्ञेप्रमाणे हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हणालो, साडूंना बसवला तसला एक मलाही द्या. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “इथे काय चप्पल घ्यायला आलात? स्टेंट मागून मिळत नाही.”

मग त्यांनी नीट समजावलं. झटका आला असेल तर स्टेंट, तोही ताबडतोब. चालताना छाती भरून येते, गोळ्या देऊनही थांबत नाही, अशी अडचण असेल तर स्टेंट. अरुंद झालेली जागा फारच नाजूक ठिकाणी असेल तर विचार करायचा, कधी कधी मग थेट शस्त्रक्रियाच. पण थोडंफार साचलंय, त्रास काही नाही, त्याला गोळ्या, चालणं आणि जिभेवर ताबा पुरतो. तिथे जाळी घालून काही मिळत नाही.

तरी माझं वय बघून त्यांनी स्कॅन करवला. आणि आता बसून वाचा. माझ्या तिन्ही वाहिन्या स्वच्छ निघाल्या. बाई म्हणाल्या, या वयात क्वचित बघायला मिळतं. मी त्या चित्राची एक प्रत मागून घेतली आहे आणि ती तालमीच्या सभागृहात लावायचा विचार होता, पण धाकटी नको म्हणाली. तेव्हा तुमचं निदान सपशेल चुकलं आहे हे नम्रपणे कळवतो.

नाडी जरा संथ आहे असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं, मुरलेल्या गाणाऱ्याची नाडी संथच असते, ती आमची कमाई आहे. त्यांना छातीवर कसलीशी डबी चिकटवून दिवसरात्र नाडीची नोंद घ्यायची होती. म्हटलं, कार्यक्रम होऊ द्या.

सोबत पेनड्राइव्हवर आमच्या अंगाईचं रेकॉर्डिंग आहे. ऐका आणि तुम्हीच सांगा, गाणारे पळतायत की नाही.

आपला स्वच्छवाहिनी,
धाकटा साडू


१७ फेब्रुवारी

प्रिय साडूबुवा,

ऐकलं.

आधी गंमत सांगतो. मी अंगाई लावली, तेव्हा थोरली आतून आली आणि दारातच थबकली. कोण गेलं, म्हणाली.

मग मी कपाट उपसलं. तुमची हीच अंगाई मी वर्षानुवर्षं रेडिओवर रात्रीच्या बातम्यांच्या अगदी आधी लावायचो. का, तर ती तेवढ्या फटीत बरोब्बर बसायची. ती जुनी फीत सापडली. पुढच्या खोलीत जुनी लावली, मागच्या खोलीत नवी, दोन्ही एकदम, आणि मी मधल्या दारात उभा राहिलो. जुन्या अंगाईतलं बाळ झोपलं. त्यानंतर मी बातम्यांचे मथळे वाचून टाकले असते, हवामानही सांगितलं असतं. मागच्या खोलीतलं बाळ अजून चंद्राकडे बोट दाखवत होतं.

साडूबुवा, वृंद पळत नाही. वृंदाला ही अंगाई जुन्या लयीत पाठ आहे, आणि तो तिकडे जायला धडपडतो. मागे पडताय ते तुम्ही. आणि तुम्ही लय कुठून घेता?

पुढची थट्टा नंतर. माझं चुकलं. मला नळकांडं मिळालं म्हणून मी सगळ्या जगाला नळकांडं सुचवत सुटलो. माझ्या हृदयाचा रस्ता बंद झाला होता. तुमचे रस्ते स्वच्छ आहेत, तुमची तसबीर पाहिली नसली तरी मान्य. पण हृदयाला ‘आता ठोका दे’ म्हणून खूण करणारी जी जागा असते, ती तुमची पेंगते आहे असं वाटतं. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेंटने चुकलेला ठोका सुधारत नाही आणि पेसमेकरने तुंबलेली वाहिनी उघडत नाही. नाडी संथ आणि माणूस उभ्या उभ्या पडतोय, म्हटल्यावर त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

ती डबी आजच लावून घ्या. नाही लावलीत, तर मी थोरलीला सांगेन, थोरली धाकटीला सांगेल, आणि पुढचं तुम्ही जाणा.

तुमचा,
थोरला साडू


२ मार्च

आदरणीय साडूबुवा,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. धाकटीने ताईंना फोन करून त्यात भर घातली.

मग तुम्हाला खोटं पाडायला म्हणून मी तालमीत वृंदालाच विचारलं, की खरं सांगा, माझी लय मंदावली आहे का. दातांचे डॉक्टर आपल्या बुटांकडे बघायला लागले. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, छे हो, फक्त हल्ली मी एका ओळीसाठी दोनदा श्वास घेते. शेवटी बंबप्रमुख उभे राहिले. दांडगा माणूस, खाली मान घालून म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. हल्ली खाली घंटा वाजली की आम्हाला जरा बरं वाटतं.”

साडूबुवा, आग लागली की यांना सुटका झाल्यासारखं वाटतं. सगळ्यांना महिनोन् महिने माहीत होतं आणि माझं मन राखायला ही माणसं श्वास कोंडून गात होती.

डबी लावली. दिवसरात्र छातीवर तारा चिकटवून हिंडलो. निकाल तुम्ही म्हणालात तोच. माझं हृदय मधूनच थांबतं. जेवताना एकदा इतका वेळ थांबलं होतं की डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी लांब धरून दाखवला. मध्ये नुसती सपाट रेघ. त्या वेळी मी धाकटीला मीठ मागत होतो आणि मागताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधार झाला, एवढंच मला आठवतं. नाडी संथ करणारी एखादी गोळी घेता का, थायरॉइडचं काही आहे का, हेही त्यांनी तपासलं. त्यातलं काही नाही. पेसमेकर बसवा म्हणाल्या.

मी नाही म्हणून आलो.

धाकटी रडली, ते तुम्हाला ताईंकडून कळलं असेलच. पण माझी बाजू कोणी ऐकत नाही म्हणून तुम्हाला लिहितो. मला सुईची भीती नाही. मरायची आहे, पण तिची सवय झाली आहे. या वृंदाला मी एकच गोष्ट देत आलो, माझ्या मनगटातली लय. चांगली वाईट जी काय, पण माझी. उद्या तिथे कारखान्यातून आलेलं यंत्र टकटक करणार. मग वृंद चालवणार कोण, मी की ती डबी? तालमीच्या खोलीत मी साधं लययंत्र कधी येऊ दिलं नाही आणि ते आता छातीत घेऊन फिरू?

कार्यक्रम होऊ द्या. एकदाच, शेवटचं, माझ्या नाडीवर. मग बघू.

आपला,
धाकटा साडू


७ मार्च

साडूबुवा,

तुमच्या प्रश्नाची मी थट्टा करणार नाही. मी तो तसाच्या तसा माझ्या डॉक्टरांना विचारला, की हृदय कोण चालवणार. त्यांनी जे सांगितलं त्यावरून मला आमचा स्टुडिओ आठवला.

आम्हा निवेदकांच्या मागे एक सोय असायची. बोलता बोलता कोणाला ठसका लागला, कागद हरवला, किंवा आमच्यातला एक तर चक्क झोपायचा, तर काही क्षण हवेत नुसती शांतता जायची. ती शांतता ठरावीक वेळेपेक्षा लांबली की एक यंत्र आपोआप संगीत लावायचं. निवेदक पुन्हा बोलायला लागला की संगीत बंद. त्या यंत्राचं काम मुख्यतः ऐकायचं. दिवसचे दिवस ते काही न वाजवता नुसतं ऐकत बसायचं. रेडिओ ते यंत्र चालवतं, असं आजवर कोणी म्हणालं नाही. आम्ही तर म्हणू दिलंच नसतं.

पेसमेकर तसाच आहे. तो तुमचा प्रत्येक ठोका ऐकतो. वेळेवर आला तर गप्प राहतो. नाहीच आला तर एक अगदी हलका विजेचा टोला देतो, तो तुम्हाला जाणवतही नाही. पुढचा तुमचा तुम्ही दिलात की परत गप्प.

आणि तुमच्या नाडीवरचा शेवटचा कार्यक्रम म्हणता, तर ती नाडी तुमची आहे कुठे? मध्येच सपाट रेघ आहे. त्या रेघेवर वृंदाला काय गायला लावणार?

थोरली आज रात्रीच्या गाडीने तुमच्याकडे यायला निघाली आहे. तिने बॅगेत दोन साड्या आणि शाळेतली एक लाकडी पट्टी टाकली. पट्टी कशाला, ते मी विचारलं नाही.

तुमचा,
थोरला साडू


२६ मार्च

आदरणीय साडूबुवा,

ताई आल्या. चहा घेतला. मला म्हणाल्या, “उठा.” मी उठलो. एवढंच संभाषण झालं. पट्टी बाहेर काढावी लागली नाही.

तर बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली टोचून जागा बधिर केली. मी जागा होतो, पण तुमच्यासारखं प्रक्षेपण केलं नाही. कातडीखाली छोटीशी खोबण करून त्यात ती डबी ठेवली, आगपेटीहून लहान, आणि तिच्या तारा शिरेतून हृदयात सोडल्या. बाईंनी आधी विचारलं, वृंदाला हात कोणता करता? म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, मग काही आठवडे एकच. तारा आत नीट रुजेपर्यंत डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. डबीतली बॅटरी पुष्कळ वर्षं चालते, संपत आली की फक्त डबी बदलतात. फोन उजव्या खिशात ठेवायचा, मोठ्या लोहचुंबकापासून लांब राहायचं, विमानतळावर कार्ड दाखवायचं. बंबप्रमुखांनी ते कार्ड मागून घेतलं आणि सभागृहातले सगळे मोठे स्पीकर माझ्यापासून लांब सरकवले. आता मला माझ्याच वृंदाची साथ ऐकू येत नाही.

डावा हात झोळीत असल्याने डाव्या बाजूच्या रांगेला कोणी खूणच करत नाही. त्या बायका कधीही गायला लागतात. मी त्यांना भुवयांनी थांबवतो. त्यामुळे उजवीकडचे बंबवाले थांबतात.

चक्कर एकदाही आली नाही. जिना चढून गेलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, की आपण मध्ये थांबलोच नाही. धाकटी म्हणते, तुमचे ओठ पूर्वीसारखे गुलाबी दिसायला लागले. म्हणजे मध्ये कसले होते ते ती बोलली नव्हती.

गंमत म्हणजे दोन्ही बहिणी एकाच घरात असल्याने फोन दिवसभर मोकळा आहे. मी तुम्हाला केव्हाही लावू शकतो. तरी कागद घेऊन बसलो, कारण एक गोष्ट तोंडाने सांगवत नाही. मी अजून मनगटावर बोटं ठेवलेली नाहीत. तालमीत नुसता अंदाजाने हात सुरू करतो. तिथे कोण बोलतंय, हे ऐकायची मला भीती वाटते.

आपला,
धाकटा साडू


२२ एप्रिल

प्रिय साडूबुवा,

मी सगळं ऐकलं. थोरलीने पहिल्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रमभर फोन उंच धरला. तिचा हात आता झोळीत आहे.

पहिली गाणी झकास. मग शेवटी अंगाई आली. शांतता झाली. तुम्ही मनगट धरलं असणार, कारण शांतता तेवढी लांबली. आणि मग साडूबुवा, ती अंगाई होती की वरात? पहिल्या कडव्यातच बाळ पाळण्यातून उडालं. दुसऱ्या कडव्यात चंद्र ढगांना धक्के मारत पुढे गेला. बंबवाले तर असे सुटले होते, की कुठे आग लागली असती तर गाण्यासकट पोचले असते. मधेच कोणी टाळ्यांचा ठेका धरला. मी इकडे एकटा, पायजम्यात, स्वयंपाकघरात उभा राहून हात हलवत होतो.

पण काळजी नको. मी शोध लावला आहे. काही पेसमेकरांत हालचाल ओळखायची सोय असते. माणूस चालायला लागला, डोंगर चढायला लागला, की यंत्र ते ओळखून ठोके वाढवतं. तुम्ही आधीची गाणी एवढे हात फेकत केलीत, की यंत्राला वाटलं, हा माणूस डोंगर चढतोय. त्याने वाढवले ठोके, आणि तुम्ही प्रामाणिकपणे ते वृंदाला दिलेत. डॉक्टरीणबाईंना सांगून ती सोय कमी करून घ्या. माझं पत्र दाखवलंत तरी चालेल.

थोरलीला आता परत पाठवा. गोळ्या मी स्वतः घेतो आहे, पण समोर कोणी उभं राहिल्याशिवाय त्या घशाखाली उतरत नाहीत.

तुमचा,
थोरला साडू


५ मे

आदरणीय साडूबुवा,

ताईंना कालच्या गाडीत बसवलं. धाकटीने फोनचा ताबा घेतला आहे.

तुम्ही कानांनी ऐकलंत ते मला आतून सांगू द्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंनी डावा हात मोकळा केला. अंगाईच्या आधी मी डोळे मिटले. बोटं मनगटाकडे नेली आणि तिथेच थांबलो. समोर वृंद, मागे भरलेलं सभागृह. वाटलं, आता कळेल, तिथे मी आहे की डबी. बोटं ठेवली. खाली घोडा होता. साडूबुवा, इतकी जोरात, इतकी भरलेली नाडी मी कित्येक वर्षांत चाचपली नव्हती. मनात म्हटलं, गेलं, हे यंत्रच. पण सवय कुठे जाते. मनगटाने दिली ती लय मी हाताने दिली, आणि मग माझ्या हातात काही राहिलं नाही. बेकरीवाल्या बाई एका श्वासात दोन ओळी म्हणत होत्या. दातांच्या डॉक्टरांचं तोंड मी त्यांच्या पेशंटचंही एवढं उघडलेलं पाहिलेलं नाही. तिसऱ्या रांगेतलं एक खरं बाळ जागं होऊन आईच्या मांडीवर उड्या मारायला लागलं. नंतर ती आई आत येऊन सांगून गेली, की आता तुम्हीच याला झोपवा.

घरी येऊन मात्र आनंद टिकला नाही. लोकांनी उचलून धरलं ते यंत्राला, असं मनात बसलं. तुमचं पत्र आलं आणि खात्रीच पटली. ते घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, ही डोंगराची सोय कमी करा, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही अंगाईवर नाचू.

त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. छातीवर एक चकती ठेवून पडद्यावर डबीची नोंद पाहिली. मग म्हणाल्या, “तुमच्या साडूंचा अभ्यास चांगला आहे. पण तुमच्यात ती सोय मी चालूच केलेली नाही.”

मला कळेना. त्यांनी परत सांगितलं. माझं यंत्र फक्त ठोके एका मर्यादेच्या खाली जाऊ देत नाही. वर ढकलायचं त्याला सांगितलेलंच नाही. आणि हृदय आपलं आपण जोरात चाललेलं असतं, तेव्हा ते नुसतं ऐकत बसतं.

मी विचारलं, मग त्या दिवशी अंगाईला कोण होतं?

“तुम्ही होतात,” त्या म्हणाल्या. “भीतीने म्हणा, आनंदाने म्हणा. ते काही पडद्यावर दिसत नाही.”

पुढच्या पेशंटला आत यायचं होतं म्हणून उठलो. बाहेर धाकटी बाकावर चिंता करत बसली होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं. मी म्हटलं, काही बिघाड नाही. मग हसताय काय असे येड्यासारखे, म्हणाली. मी तिचा हात धरला आणि आम्ही दवाखान्याचा जिना त्याच लयीत उतरलो. वरून नर्स ओरडत होती की सावकाश.

पुढच्या वर्षी अंगाई कोणत्या लयीत घ्यायची, ते मी ठरवलेलं नाही. ते त्या दिवशी मनगट सांगेल. बंबवाल्यांना मात्र आजपासूनच सांगून ठेवलं आहे, दम वाढवा.

आपला,
धाकटा साडू